अन्नाच्या शेजारी विष

मराठी भाषेत 'औषध' हा शब्द दोन अगदी विरुद्ध अर्थांनी वापरला जातो. तापावर घ्यावयाचे तेही औषध, आणि ढेकूण, झुरळे, उंदीर मारण्यासाठी बाजारातून आणावयाचे तेही औषधच. विदर्भातील शेतकरी कपाशीवर जे फवारतो त्याला तो औषध म्हणतो, आणि म्हैसूरच्या आसपासच्या खेड्यांतील कन्नडभाषी शेतकरीही त्या द्रव्यास 'औषधि' याच नावाने ओळखतो. पिकाला लागलेली कीड हा रोग मानला, तर तीवरील उपायाला औषध म्हणणे वावगे नाही. परंतु शब्दांचा परिणाम मनावर होतो आणि मनाचा हातावर. औषध म्हटलेली बाटली फडताळात इतर औषधांच्या शेजारी ठेवावी असे सहज वाटते. विष म्हटलेली बाटली मात्र कोणी मिठाच्या बरणीजवळ ठेवणार नाही.

विषारी रसायने आज केवळ कारखान्यांत राहिलेली नाहीत. ती शेतात, कोठारात, न्हाणीघरात, भिंतीवरील रंगात आणि क्वचित ताटातही आढळतात. त्यांतील पुष्कळशी उपयुक्त आहेत, आणि त्यांना सरसकट हद्दपार करणे शक्य नाही. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो की, अन्न आणि विष यांच्यामधील अंतर कसे राखावयाचे.

मात्रेचा नियम

सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने असे सांगितले की, सर्वच पदार्थ विषारी असू शकतात; एखादा पदार्थ विष ठरेल की नाही हे त्याच्या मात्रेवर अवलंबून असते. आपले रोजचे मीठसुद्धा अतिशय मोठ्या प्रमाणात एकदम पोटात गेले तर प्राणघातक ठरते. उलट, बेलाडोना या विषारी वनस्पतीपासून मिळणारे अॅट्रोपिन योग्य मात्रेत दिले असता प्राण वाचविते.

या नियमाला आधुनिक शास्त्राने आणखी दोन गोष्टींची जोड दिली. पहिली गोष्ट काळ. काही विषे काही मिनिटांत आपला प्रभाव दाखवितात, तर काही वर्षानुवर्षे शरीरात साचत राहतात. दुसरी गोष्ट व्यक्ती. प्रौढ माणसाला न जाणवणारी मात्रा लहान मुलाला घातक ठरू शकते. कारण मुलाचे वजन कमी, त्याच्या मेंदूची वाढ अपुरी, आणि हाताला लागेल ते तोंडात घालण्याची त्याची सवय.

म्हैसूरची संस्था आणि धान्याचे रक्षण

म्हैसूर शहरात राजघराण्यातील राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा विलास नावाचा एक भव्य प्रासाद आहे. स्वातंत्र्यानंतर तो शास्त्रीय संशोधनासाठी देण्यात आला, आणि १९५० च्या ऑक्टोबर महिन्यात तेथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक होते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची आठवण त्या वेळी ताजी होती. नवे धान्य पिकविण्याइतकेच पिकलेले धान्य वाचविणेही महत्त्वाचे आहे, ही जाणीव त्या काळी सर्वत्र होती.

कोठारात साठविलेल्या धान्याचे मोठे शत्रू म्हणजे कीड, उंदीर आणि बुरशी. किडीपासून धान्य राखावयाचे तर तिला मारणारे द्रव्य धान्याजवळ न्यावे लागते, आणि येथेच शास्त्रज्ञाची कसोटी लागते. जे द्रव्य किडीला मारील पण माणसासाठी मागे उरणार नाही, ते उत्तम. म्हणून कोठारात विषारी वायूची धुरी देण्याची पद्धत रूढ झाली. पोत्यांची थप्पी हवाबंद आच्छादनाखाली झाकून तेथे वायू सोडावयाचा, ठरावीक काळ तो कोंडून ठेवावयाचा, आणि नंतर आच्छादन काढून धान्याला भरपूर वारा द्यावयाचा, असा तिचा क्रम असतो. आज या कामी मुख्यतः फॉस्फीन वायू वापरतात. तो अतिशय विषारी असल्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसानेच करावयाचे असते. धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत.

एकदा सुरक्षित मानलेले द्रव्य कायम सुरक्षित राहते असेही नाही. एथिलीन डायब्रोमाइड हे एके काळी धान्याच्या धुरीसाठी अनेक देशांत वापरले जाई. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगजनक ठरले, आणि १९८४ साली अमेरिकेने धान्यासाठी होणारा त्याचा वापर थांबविला. नवा पुरावा पुढे आल्यावर जुनी परवानगी मागे घेणे यात शास्त्राची नामुष्की नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे.

मुंबईहून निघालेले पीठ

अन्न आणि विष यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला. १९५८ साली केरळमध्ये अचानक शेकडो माणसे आजारी पडली. त्यांना घाम व लाळ सुटे, श्वास कोंडे, अंगाला झटके येत. शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शोधाअंती असे निष्पन्न झाले की, मुंबईहून कोचीला गेलेल्या एका जहाजात खाद्यपदार्थांच्या पोत्यांजवळ पॅराथिऑन या कीटकनाशकाचा साठा ठेवलेला होता. त्या साठ्यातून गळती झाली आणि विष पिठात मुरले. पीठ दिसण्यात पिठासारखेच राहिले, आणि त्याच्या रोट्या झाल्या.

या दुर्घटनेत कोणाचा हेतू वाईट नव्हता. पीठ शुद्ध होते आणि कीटकनाशकही आपल्या कामासाठीच चालले होते. चूक होती ती दोहोंच्या शेजाराची. या घटनेच्या चौकशीतून कीटकनाशकांसाठी स्वतंत्र कायद्याची गरज पुढे आली, आणि १९६८ मध्ये भारतीय संसदेने कीटकनाशक अधिनियम संमत केला. १९७१ च्या नियमांनी असे बंधन घातले की, कोणतेही कीटकनाशक खाद्यपदार्थांच्या अथवा पशुखाद्याच्या संपर्कात येईल अशा रीतीने नेता किंवा साठविता येणार नाही.

याच नियमांनुसार कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर एक रंगीत त्रिकोण छापावा लागतो. तांबडा त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी व हाडांची खूण असते. पिवळा म्हणजे अतिशय विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. निरक्षर माणसालाही धोका ओळखता यावा हा त्यामागील हेतू. मात्र हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मज्जातंतूंवरील आघात

पॅराथिऑन आणि त्याच्या जातीची सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके शरीरात नेमके काय करतात? आपण बोट हलवितो तेव्हा मेंदूची आज्ञा मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचते. तंतूचे टोक आणि स्नायू यांमध्ये एक सूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते. निरोप पोहोचताच ते नष्ट व्हावे लागते, नाहीतर स्नायूला तीच आज्ञा पुनःपुन्हा मिळत राहील. ते नष्ट करण्याचे काम कोलिनेस्टरेज हे एंझाइम करते. सेंद्रिय फॉस्फरसचे विष या एंझाइमला घट्ट चिकटते व निकामी करते. मग निरोप थांबतच नाहीत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ व अंगातून घाम वाहू लागतो, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकून काम सोडतात.

किड्याचे आणि माणसाचे मज्जातंतू या बाबतीत सारखेच आहेत. म्हणून जे विष किड्याला मारते ते माणसालाही मारू शकते. या वर्गातील अनेक संयुगांचा शोध जर्मन रसायनज्ञ गेरहार्ड श्रेडर याने कीटकनाशकांच्या शोधात असताना लावला. १९३६ साली त्याला सापडलेला ताबुन पुढे युद्धातील विषारी वायू म्हणून गणला गेला, एवढ्यावरून या कुळाची कल्पना येईल. अशा विषबाधेत डॉक्टर जे अॅट्रोपिन देतात ते अॅसिटिलकोलीनच्या निरोपाची वाट अडविते, आणि शरीराला सावरण्यास अवधी मिळतो.

तीच चूक, पुन्हा पुन्हा

कायदा झाला, त्रिकोण छापले गेले. तरी दुर्घटना थांबल्या नाहीत. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत मुलांनी मध्यान्ह भोजन घेतले आणि २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पंचावन्न वर्षांपूर्वी जहाजात जे घडले तेच येथे एका लहानशा शाळेत घडले. जेथे अन्न होते तेथे विष पोहोचले.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांनी विष खाल्ले नव्हते. ते त्यांच्या श्वासातून व त्वचेतून शरीरात शिरले होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडाच्या पातळीवर उडत होता. उकाड्यात हातमोजे व मुखवटा घालणे अवघड, आणि पुष्कळांपाशी ते नव्हतेच. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर पडलेले विष तासन् तास अंगाला लागून राहिले. ज्याच्या मजुरीवर घर चालते त्याला चक्कर आली म्हणून काम सोडता येत नाही, हेही त्या मृत्यूंचे एक कारण होते.

पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर २०१८ रोजी, म्हैसूरच्या शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यात सुळवाडी येथील मारम्मा देवीच्या मंदिरात प्रसाद घेतलेले शंभराहून अधिक भाविक अत्यवस्थ झाले. त्यांना म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयासह शहरातील अनेक रुग्णालयांत आणण्यात आले. सतरा जण वाचू शकले नाहीत. तपासणीत पुन्हा मोनोक्रोटोफॉसच आढळले. येथे विष अपघाताने नव्हे, तर जाणूनबुजून मिसळल्याचा आरोप झाला; म्हणून या घटनेचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागेल. परंतु इतके तीव्र विष खेडोपाडी सहज हाती लागत होते, ही गोष्ट बिहार आणि सुळवाडी या दोन्ही ठिकाणी समान होती. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास आधीच मनाई होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदीचा आदेश काढला.

मंद विषे

वरील विषे निदान आपली चाहूल देतात. शिसे तीही देत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो तो बालकांच्या मेंदूवर. शिकण्याची शक्ती व एकाग्रता कमी होते, आणि मूल मंद आहे असे समजून त्यालाच दोष दिला जातो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथे मात्र शास्त्र आणि शासन यांच्या सहकार्याचे यशही नोंदविले पाहिजे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने ते थांबविल्यावर मोटारींसाठी अशा पेट्रोलची विक्री जगातून संपली. घरगुती रंगांमध्ये शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तथापि जुन्या भिंती, खिडक्या व पाळणे यांवरील पूर्वीचा रंग अद्याप जागेवरच असतो. तो कोरडा खरवडला की त्याची धूळ घरभर पसरते. म्हणून जुना रंग काढताना तो ओला करून काढावा आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

शिसे अन्नातही येऊ शकते. सांगलीची बाजारपेठ ज्या हळदीसाठी प्रसिद्ध आहे, त्या हळदीचा गर्द पिवळा रंग गिऱ्हाइकाला मोह घालतो. हा रंग कृत्रिम रीतीने आणण्यासाठी हळकुंडांना लेड क्रोमेट नावाचे पिवळे रंगद्रव्य चोळण्याचा घातक प्रकार काही ठिकाणी उघडकीस आला. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. संशोधकांनी ही गोष्ट लोकांपुढे मांडली, शासनाने घाऊक बाजारात तपासणी सुरू केली, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांच्या आत हा बदल घडला.

रंगाच्या मोहाचे दुसरे उदाहरण दसऱ्याच्या जत्रांत दिसते. म्हैसूरचा दसरा असो की आपल्याकडील गावची जत्रा, गुलाबी 'बुढ्ढी के बाल' पाहून मूल हटकून थांबते. या गुलाबी रंगासाठी रोडामाइन-बी हा कापड व कागद रंगविण्याचा रंग वापरला जात असल्याचे तपासणीत आढळले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने साखरेच्या या मिठाईत व गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. खाद्यपदार्थांत वापरण्यास मुभा असलेले कृत्रिम रंग आपल्या कायद्याने मोजकेच ठेवले आहेत. रोडामाइन-बी आणि मेटॅनिल यलो हे त्यांत नाहीत.

मोजमाप कसे होते

अन्नात विषाचा किती अंश चालेल, हे कोणी अंदाजाने ठरवीत नाही. प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतून, जिचा काहीही अपाय दिसत नाही अशी मोठ्यात मोठी दैनंदिन मात्रा शोधतात. नंतर तिला साधारणतः शंभराने भागतात. माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असू शकेल, आणि एखादा माणूस दुसऱ्यापेक्षा दहापट नाजूक असू शकेल, असे दोन्ही विचार त्या शंभरात आहेत. मग प्रत्येक धान्यासाठी, फळासाठी व भाजीसाठी अवशेषाची कमाल मर्यादा ठरते. ती बहुधा किलोग्रॅममागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असते. किलोग्रॅममागे एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एवढा सूक्ष्म अंश पकडण्यासाठी वर्णलेखक आणि वस्तुमान वर्णपटमापक यांसारखी उपकरणे लागतात, आणि ती म्हैसूरच्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांतच असतात.

घरचे डोळे, नाक व जीभ यांना हे काम जमत नाही. म्हणूनच अन्नाची सुरक्षितता एकट्या ग्राहकाच्या सावधपणावर सोपविता येत नाही. तिच्यासाठी कायदा, निरीक्षक आणि प्रयोगशाळा यांची साखळी लागते. आपल्याकडे १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने ती घालून दिली, आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाने तिला आजचे रूप दिले.

काही साध्या परीक्षा मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतात. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न हलविता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. भेसळीच्या हळदीने पाणी गर्द पिवळे होते. मेटॅनिल यलोसाठी हळदीच्या द्रावणात शिक्षकांनी हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावे. गुलाबी रंग आला व पाणी घालताच नाहीसा झाला, तर तो हळदीचाच गुण समजावा. पाणी घालूनही तो टिकला, तर भेसळीचा संशय धरावा आणि नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे पाठवावा.

घराने व शाळेने पाळावयाचे नियम

कीटकनाशक, रॉकेल, फिनेल, आम्ल यांपैकी काहीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मूल बाटली ओळखते, आतील पदार्थ नव्हे. ही द्रव्ये मूळ वेष्टनात, कुलपात, आणि स्वयंपाकघराबाहेर ठेवावीत. रिकामा झालेला विषाचा डबा कितीही धुतला तरी तेल, पाणी वा धान्य यांसाठी वापरू नये. तो भोके पाडून निकामी करावा. न्हाणीघर धुताना विरंजक चूर्ण आणि आम्ल एकत्र मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. भाज्या व फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. वरवरचे अवशेष त्याने पुष्कळसे जातात. पेशींत मुरलेले जात नाहीत. म्हणून फवारणी व काढणी यांमधील वेष्टनावर छापलेला काळ शेतकऱ्याने पाळणे हाच खरा उपाय होय.

फवारणी करणाऱ्याने वाऱ्याच्या दिशेला पाठ करावी, अंगभर कपडे व हातमोजे घालावे, काम चालू असताना खाऊ-पिऊ नये आणि घरी येताच साबणाने स्नान करावे. त्याचे कपडे घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावे. मजुराला ही साधने पुरविण्याची जबाबदारी त्याला कामावर लावणाराची आहे.

शाळेच्या कोठीत अन्नाखेरीज दुसरे काहीही असू नये. तिची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असावे, आणि शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी एका जबाबदार प्रौढ व्यक्तीने चाखावे.

विषबाधेचा संशय येताच भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि विषाची बाटली अथवा तिचे वेष्टन रुग्णाबरोबर रुग्णालयात अवश्य न्यावे. विषाचे नाव कळले म्हणजे डॉक्टरांना योग्य उपचार तत्काळ सुरू करता येतो.